लिंबाचा उजेड

ज्या फोटोत माझे साडू नाहीत, तो कार्यक्रम नाशिक जिल्ह्यात झालाच नाही असं खुशाल समजावं. पतसंस्थेच्या शाखेचं उद्घाटन असो, रक्तदान शिबिर असो, नाहीतर नाल्यावरच्या स्लॅबचं भूमिपूजन असो, एकाच पुष्पगुच्छाला पाच हात लागलेले दिसतात त्यातला एक हात त्यांचा असतोच. तो ओळखायलाही सोपा. मनगटावर सोनेरी पट्ट्याचं घड्याळ, बोटात पोवळ्याची अंगठी आणि पुष्पगुच्छावर अशी पकड, की सत्कारमूर्तींना तो नंतर ओढून घ्यावा लागतो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भाऊ म्हणतो, ते मला साडू म्हणतात, आणि चारचौघांत "हे आमचे बँकवाले साडू" अशी खणखणीत आवाजात ओळख करून देतात तेव्हा माझे कान तापायला लागतात. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. विंचूरकडच्या शेतकरी घरातून रिकाम्या हातानं नाशिकला आले, सातपूरला दुसऱ्याच्या कारखान्यात राबले आणि आज तिथेच त्यांचं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. कामात चोख, शब्दाला पक्के. पण देवानं त्यांना एक भूक जरा जास्तच दिली. आपण दिसलं पाहिजे, ही ती भूक.

त्यांचं खरं वैर एका शब्दाशी आहे, तो शब्द म्हणजे 'आदी'. स्थानिक वर्तमानपत्रात बातमीच्या शेवटी नावांची रांग असते आणि तिच्या शेपटाला 'आदी मान्यवर उपस्थित होते' असं लिहिलेलं असतं. "साडू, उमेदीची सगळी वर्षं मी त्या आदीमध्ये काढली," असं एकदा ते मला इतक्या कळवळून म्हणाले, की मला वाटलं आदी नावाच्या कुठल्या खेड्याबद्दल बोलतायत. मग त्या आदीतून बाहेर पडायचं म्हणून ते स्वतःची बातमी स्वतःच लिहून पाठवायला लागले. 'प्रसिद्ध उद्योजक यांनी आपल्या ओघवत्या शैलीत उपस्थितांना मंत्रमुग्ध केले,' हे वाक्य कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तयार असायचं. ओघवत्यामधला घ नेहमीचाच की वेगळा, हे विचारायला ते मला ऐन काउंटरच्या गर्दीत फोन करायचे, आणि मी समोरच्या ग्राहकाची नजर चुकवत हळू आवाजात घ चा खुलासा करायचो.

वाढदिवसाच्या फ्लेक्सबद्दल तर न बोललेलं बरं. चौकातल्या त्या फ्लेक्सवर भाऊ काळा चष्मा लावून, कानाला मोबाइल धरून, वाघाच्या शेजारी उभे. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत छोट्या गोलात माझा फोटो. मला न विचारता. तोही माझ्या ओळखपत्रावरचा, ज्यात मी नुकताच तापातून उठल्यासारखा दिसतो. आमच्या शाखेच्या मॅनेजर बाई रोज त्याच चौकातून येतात. त्या दिवशी मला चहा देताना त्या "शुभेच्छुक, घ्या" म्हणाल्या, आणि संध्याकाळपर्यंत मला कुणाच्या तोंडाकडे बघवेना.

पण सगळ्यात लाज वाटली ती सासऱ्यांच्या दशक्रियेला. गोदावरीच्या घाटावर विधी चाललेले, नातेवाईक पायऱ्यांवर डोक्यावर रुमाल टाकून बसलेले. कुणीतरी म्हणालं, दोन शब्द बोला. ते कुणाला उद्देशून होतं ते कळायच्या आत भाऊ उठून उभे. भाऊंचं एक आहे, घरात ते विंचूरचं बोलतात आणि समोर माणसं दिसली की पुस्तकातलं. "सन्माननीय व्यासपीठ," त्यांनी सुरुवात केली. व्यासपीठ कुठलं, तिथं पिंड ठेवलेले होते. पुढे मात्र ते मनापासून बोलले. सासऱ्यांनी त्यांना पहिल्या मशीनच्या वेळी कसा धीर दिला ते सांगताना त्यांचा आवाज भरून आला, माझ्या बायकोच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आणि मग सवयीनं ते म्हणाले, "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो, जय हिंद, जय महाराष्ट्र." मागच्या पायऱ्यांवरून टाळ्या वाजल्या. दशक्रियेला टाळ्या! मी मान खाली घालून पायाखालचा दगड बघत बसलो. गोदावरीनं तेव्हा मला पोटात घेतलं असतं तरी चाललं असतं.

तर अशा माणसाच्या हाती 'लाइमलाइट' हा शब्द लागला. व्यक्तिमत्त्व विकासाच्या कुठल्याशा शिबिरात वक्त्यानं तो वापरला आणि भाऊ तो घेऊनच घरी आले. मग काय, उठता बसता लाइमलाइट. "धंदा दोन नंबरला, साडू. पहिलं लाइमलाइट." कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं तरी "चांगलं स्थळ हाय, पण घराणं लाइमलाइटमधी नाय." ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, वांग्याचं भरीत जरा झणझणीत केलं तर "आज भरीत लाइमलाइटमधी आलं." शब्द कुठून आला हे मात्र त्या वक्त्यानं सांगितलं नव्हतं. ते भाऊंनी स्वतः शोधून काढलं. मोबाइलवर त्यांना एक व्हिडिओ दिसला. चार लिंबांत तांब्याची तार आणि जस्ताचे खिळे खोचून, ती एकमेकांना जोडून, त्यावर छोटा दिवा लावून दाखवला होता. ते त्याच पावली आमच्याकडे आले.

"लाइम म्हंजी काय?" दारातच मला प्रश्न.

"लिंबू," मी म्हणालो.

"लाइट म्हंजी?"

"उजेड."

"झालं! लिंबाचा उजेड!" ते सोफ्यावर बसले. "लोकांना उगाच वाटतं इंग्रजी अवघड हाय."

पुढच्या हिवाळ्यात कळवणकडच्या एका शाळेनं त्यांना स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. शाळेला त्यांनी पंखे दिले होते. मला आणि बायकोला सोबत नेलं, कारण पाहुण्याबरोबर चार माणसं असली म्हणजे शोभा येते. भर दुपारी, पटांगणात, पांढऱ्या सफारीत भाऊ माइकसमोर उभे राहिले. टेबलावर ताटात चार लिंबं, तारा आणि एक इवलासा लाल दिवा. "विद्यार्थी मित्रहो, पूर्वीच्या काळी विलायतेत वीज नव्हती. तेव्हा तिथले थोर पुरुष लिंबाच्या उजेडात बसत. म्हणून म्हणतात, अमुक माणूस लाइमलाइटमध्ये आहे." मुख्याध्यापकांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी मंडपाच्या झालरीकडे बघितलं. "मित्रहो, लिंबासारखे व्हा! पिळले जा, पण उजेड पाडा!" एवढं म्हणून त्यांनी शेवटची तार जोडली.

दिवा लागला असावा. वर्कशॉपवाल्याची जोडणी चुकण्यातली नव्हती. पण कळवणच्या त्या लख्ख उन्हात तेवढासा लाल ठिपका दिसणार कुणाला? मुलं माना उंचावून बघायला लागली. "लागलाय, लागलाय!" भाऊ म्हणाले. कुणालाच दिसेना. "अरे लागलाय! हात धरून बघा, सावलीत बघा, लागलाय!" माइकवरची भाषा सुटली. "लय मंद हाय, पण लागलाय!" ते दिव्यावर हाताची ओंजळ धरून, ताट उचलून, पहिल्या रांगेपर्यंत गेले. तारा निसटल्या, लिंबं घरंगळली, आणि एक लिंबू मुख्याध्यापकांच्या पायाशी जाऊन थांबलं.

कुणीतरी मोबाइलवर हे सगळं टिपलं होतं. त्याला ढोलाचा ठेका लावला, 'लागलाय, लागलाय' चार वेळा फिरवून घेतलं, शेवटी ते लिंबू संथ गतीनं घरंगळताना दाखवलं आणि सोडून दिलं. आठवड्याभरात ते सगळीकडे झालं. आमच्या बँकेत नेट बंद होऊन पुन्हा सुरू झालं की आतून कुणीतरी "लागलाय, लागलाय" म्हणायचं, आणि अख्खी शाखा हसायची. हा माणूस माझा साडू आहे हे तिथे एका मॅनेजर बाईंनाच माहीत होतं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी राहीन.

भाऊंना मात्र आभाळ ठेंगणं झालं. त्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर मोबाइल टीव्हीला जोडून ठेवलेला. ताई स्वयंपाकघरातून बाहेर येईनात. माझी बायको पाण्याचा ग्लास हातात धरून नुसतीच बसलेली. "बघा, बघा," भाऊ म्हणत होते, "कुठं अमरावती, कुठं सांगली, समदे बघतायत! पोरं माझ्या आवाजावर ओठ हलवतायत, साडू." आणि प्रत्येक वेळी लिंबू घरंगळलं की आमच्याआधी तेच हसत. मी पण हसल्यासारखं तोंड केलं. त्या व्हिडिओखाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते मी वाचलं होतं. त्यांनी वाचलं नव्हतं.

तेवढ्यात ऋतुजा आली. ही त्यांची एकुलती एक मुलगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, नाटकात काम करणारी. स्वभावानं बापाच्या अगदी उलट, कमी बोलणारी. तालमीहून आली होती. टीव्हीवर लिंबू घरंगळत होतं. तिनं पिशवी खाली ठेवली आणि टीव्ही बंद केला.

"पप्पा, लोक हसतायत तुम्हाला."

"हसू दे की. हसतात म्हंजी बघतात."

"कौतुकानं नाही हसत." तिनं रिमोट टेबलावर ठेवला. "आणि लाइम म्हणजे लिंबू नाही तिथं. चुना."

"चुना?"

"कळीचा चुना. नाटकाच्या लाइट्सचं शिबिर झालं आमचं, तिथं सांगितलं. विजेचे दिवे यायच्या आधी तिकडच्या थिएटरात चुन्याचा खडा ज्योतीवर पांढराशुभ्र तापवायचे. त्याचा झगझगीत उजेड पडायचा. तो मेन नटावर सोडायचे. ते लाइमलाइट."

भाऊंनी समोरच्या भिंतीकडे बोट केलं. "भिंतीला लावतात तो चुना?"

"हो."

"मग माझा दिवा लागला कसा?"

ऋतुजानं कपाळाला हात लावला. "तो लागतो, पप्पा. लिंबावर दिवा लागतो. पण त्याचा या शब्दाशी काही संबंध नाही. तुम्ही अख्ख्या शाळेला खोटं सांगितलं आणि अख्ख्या महाराष्ट्रानं ते बघितलं." मग जमिनीकडे बघून म्हणाली, "माझ्या प्रयोगाला येऊ नका. प्लीज. आता सगळे ओळखतात तुम्हाला."

ती आत गेली. आम्ही जेवलो. वरण वाढताना ताईंची पळी ताटाला लागली तो आवाज केवढा तरी मोठा झाला. भाऊ पोळी मोडत होते आणि खात नव्हते. हात धुताना त्यांनी मला एकट्याला गाठलं आणि खिशातून मोबाइल काढून पुढे धरला. "साडू, खाली लोकांनी काय लिवलंय ते वाचा बरं. चष्मा नाय माझ्याकडं." चष्मा त्यांच्या नाकावर होता. मी म्हणालो, रेंज नाही. त्यांनी मान हलवली आणि मोबाइल खिशात ठेवला. नंतर त्यांनी ते एकट्यानं वाचलं असणार, कारण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या स्टेटसवर काहीच येईना. रोज सकाळी हार, तुरे, फेटे बघायची इतकी सवय झाली होती, की बायको म्हणाली, "जिजाजींची तब्येत बरी आहे ना?"

मी काहीतरी निमित्त काढून सातपूरला गेलो. वर्कशॉपच्या शटरला कुणीतरी लिंबांची माळ बांधून ठेवली होती. भाऊ स्टुलावर चढून ती सोडवत होते. मला बघून थोडे वरमले. "रोज बांधतात कुणीतरी," म्हणाले. मला वाटलं, फेकून देतील. पण ते खाली उतरले, एकेक लिंबू दोऱ्यातून काढून धुतलं आणि आत मोठ्या पातेल्यात सगळ्यांसाठी सरबत केलं. "चांगली रसाची हायेत. टाकायची कशाला." कामगार मशीनशी उभे राहून खालमानेनं सरबत पीत होते. कुणी हसलं नाही.

ऋतुजाच्या नाटकाचा प्रयोग दुपारचा होता, कुठल्याशा स्पर्धेतला. ताई आणि माझी बायको आधी नाट्यगृहात जाऊन बसल्या. "त्यांना काम आहे," ताई म्हणाल्या, आणि विषय बदलला. मी गाडी लावायला मागे गेलो, तर दुचाक्यांच्या गर्दीत भाऊ उभे. सफारी नाही, अंगठी नाही. राखाडी शर्ट, डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क.

"भाऊ?"

"आत येत नाय मी," ते घाईघाईनं म्हणाले. "हितनंच ऐकतो."

"एसी आहे आत. बाहेर काही ऐकू येत नाही."

हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मी त्यांचा दंड धरला आणि दिवे मंद झाल्यावर अगदी शेवटच्या रांगेत नेऊन बसवलं. मीही शेजारी बसलो.

नाटकात ऋतुजा हॉस्पिटलमधल्या आयाबाईचं काम करत होती. पडदा उघडला आणि थोड्या वेळात माझ्या ध्यानात आलं, की शेजारी मास्क हलतोय. ती बोलायची तसे भाऊंचे ओठ हलत होते. तिची वाक्यं त्यांना सगळी पाठ होती. ती घरी दार लावून म्हणायची, हे बाहेर उभे राहून ऐकत असणार. मग सगळे दिवे गेले आणि एकाच झोतात ती उभी राहिली. भाऊंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"हा चुन्याचा?" माझ्या कानाशी त्यांनी विचारलं.

"नाही. आता विजेचा असतो."

"हं," म्हणाले, आणि मनगट तसंच धरून ठेवलं.

प्रयोग संपल्यावर निघून जायचा त्यांचा बेत होता, पण दारात गर्दी झाली आणि उकाड्यानं त्यांनी मास्क खाली ओढला. तेवढ्यात तीनचार पोरांनी त्यांना घेरलं. "काका, तुम्ही ते लागलाय-लागलाय वाले ना? काका, एक सेल्फी!" जन्मभर ज्या माणसानं दुसऱ्यांच्या पुष्पगुच्छाला हात लावला, त्याच्याबरोबर फोटो काढायला आज कुणीतरी आपण होऊन आलं होतं. भाऊंनी टोपी पुढे ओढली.

"नाय बुवा. माणूस चुकलाय तुमचा."

"सेम दिसता काका!"

"तसे पुष्कळ दिसतात," भाऊ म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "मी गाडी शोधतोय."

ऋतुजा त्यांच्या मागेच उभी होती. तोंडाला रंग तसाच, आयाबाईची साडी तशीच, बरोबर नाटकातली दोन मुलं. तिनं सगळं ऐकलं होतं हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. ती पुढे आली.

"पप्पा."

पोरं चपापली. "हे तुझे पप्पा?"

"हो."

"मग ते व्हिडिओतले..."

"हो, तेच," ऋतुजा म्हणाली. मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग बापाकडे वळली. "खोटं का बोललात?"

भाऊंनी टोपी चाचपली. "तुझा दिवस हाय ना आज. मधी माझं नको," एवढंच बोलले.

तिनं त्यांची टोपी काढून स्वतःच्या हातात घेतली आणि म्हणाली, "चला, आईला शोधू. सगळ्यांचा फोटो काढायचाय." फोटो निघाला. त्यात भाऊंचे डोळे मिटलेले आहेत.

नंतर बायका ऋतुजाच्या मैत्रिणींशी बोलत राहिल्या आणि मी भाऊंबरोबर त्यांच्या मोटारसायकलपर्यंत गेलो. ऊन उतरलं होतं. किल्ली लावून ते तसेच बसले, गाडी चालू करेनात. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील. घसा खाकरला. पण आवाज वाढला नाही.

"शेवटच्या प्रसंगात एक शब्द खाल्ला तिनं," म्हणाले. "'मुक्यानं' राहिलं. 'मी मुक्यानं उशाशी बसले' असं हाय ते. ती नुसतं 'उशाशी बसले' म्हणाली."

"माझ्या नाही लक्षात आलं."

"कुणाच्याच नाय आलं." त्यांनी किक मारली. "तिला सांगू नका, साडू."

आणि ते सातपूरच्या बाजूला वळले. शिफ्ट सुटली होती, रस्ता मोटारसायकलींनी भरून वाहत होता. मी फाटकाशी थोडा वेळ उभा राहिलो, पण इतक्या पाठींमधून त्यांची पाठ कुठली ते काही मला ओळखता आलं नाही.